सोलापुरात मे महिन्यात उणे चाळीस

गाडीवाल्यांचे प्रश्न

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच विषयाची, डॅशबोर्डवर दिवा लागलाय आता काय करू. होटगी रोडला पंचवीस वर्षं गॅरेज चालवलं मी, त्यातली पहिली काही वर्षं तर दिवा म्हणजे तेलाचा आणि बॅटरीचा, बास, बाकी सगळं कानानं ऐकायचं. आता गाडी स्वतःच सांगते काय झालंय ते, आणि गंमत म्हणजे तेव्हापासून चुकीचे पार्ट बदलायचं प्रमाण वाढलंय की काय असं वाटतंय. पहिलंच पत्र बघा.

माझी पेट्रोल गाडी २०१६ ची आहे. दोन महिन्यांपासून पिवळा चेक इंजिनचा दिवा लागलाय, ॲव्हरेज पण पडलंय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०११३ कोड आला म्हणून हवेच्या तापमानाचा सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा परत. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं पहिला सेन्सर डुप्लिकेट होता म्हणून अजून एक टाकला. परत तेच. मुलानं मोबाइलवर ॲप घेतलंय, त्यात आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४० दाखवतंय, फोटो सोबत पाठवतेय. ॲप बोगस आहे का? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

मॅडम, ॲप बोगस नाही, उलट तुमच्या मुलानं दोन गॅरेजवाल्यांना जे जमलं नाही ते केलंय. सोलापुरात मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री, आणि गाडी म्हणतीये उणे ४०. हा आकडा सेल्सियसमध्ये आणि फॅरनहाइटमध्ये सारखाच येतो, त्यामुळे सेटिंग चुकलं असेल म्हणायलाही जागा नाही.

आता हे कसं होतं ते नीट सांगतो कारण यातच सगळी गोम आहे. हा सेन्सर म्हणजे दोन वायरींचा एक छोटा रेझिस्टन्स, गरम झाला की रेझिस्टन्स कमी, गार झाला की जास्त. गाडीचा कंप्युटर त्याला ५ व्होल्ट देतो आणि त्यातले किती खाली पडले ते मोजतो. जेवढे जास्त व्होल्ट उरले तेवढी हवा गार असं त्याचं गणित. आता वायरच मधे तुटली तर व्होल्ट पडायला जागाच नाही, पूर्ण ५ च्या ५ उरतात, कंप्युटरला वाटतं हवा इतकी गार आहे की आपल्या मोजपट्टीचं टोकच आलं, आणि ते टोक म्हणजे उणे ४०. म्हणून बिचारा थंडीत लागतं तसं पेट्रोल जास्त सोडत बसतो, ॲव्हरेज पडणारच की हो. पी०११३ या कोडचा अर्थ एवढाच की या सर्किटचा व्होल्टेज जास्त दिसतोय. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग), वायर, अर्थिंग, सगळं आलं. सेन्सर बदला असं तो कोड कुठंही म्हणत नाही.

घरी करता येईल अशी टेस्ट सांगतो. आधी बघा तुमचा सेन्सर दोनच वायरींचा सुटा आहे ना, काही गाड्यांत तो हवा मोजणाऱ्या मोठ्या सेन्सरमध्येच असतो आणि कपलरला चार-पाच वायरी असतात, तसा असेल तर हात लावू नका, वायरमनकडं जा. दोनच वायरी असतील तर सेन्सरचा कपलर काढा, गाडीच्या वायरिंगच्या बाजूच्या त्या दोन पिना एका बारीक तारेनं जोडा, चावी ऑन करा आणि ॲपमध्ये बघा. आकडा उणे ४० वरून एकदम उडी मारून भयंकर गरम दाखवायला लागला, शंभराच्या वर कुठंतरी, तर वायरिंग आणि कंप्युटर ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या ढिल्या पिनेत. आणि तार जोडूनही आकडा उणे ४० वर ढिम्म बसला तर वायर तुटलेली आहे, मग तुम्ही दहा सेन्सर टाका. दोन नवीन सेन्सर टाकून झालेत म्हटल्यावर माझी पैज वायरवर आहे.

कुठं तुटली असेल? एअर फिल्टरचा डबा काढून त्याच्या खाली बघायला सांगा. माझ्याकडं एकदा अशीच एक गाडी आली होती, मालकाचं शेत अक्कलकोट रोडला, गाडी खळ्याशेजारी उभी असायची. डबा उचलला तर खाली मूठभर शेंगांची टरफलं, थोडा कापूस, आणि वायरीचं वरचं प्लास्टिक असं कुरतडलेलं की तांब्याची एकच तार शिल्लक, ती पण हिरवी पडलेली. उंदरानं मस्त घर केलं होतं, गरम जागा, वर छप्पर, खायला शेंगा. मालक म्हणाला, "काय करालाव बे बोनेटमध्ये, शेंगा कुठनं काढालाव?" दोन इंच वायर, सोल्डर, स्लीव्ह, झालं काम. जुळे सोलापुरात अजून मोकळे प्लॉट बरेच आहेत, उंदीर तिकडनंच येत असणार.

तेलाच्या झारीसारखा लाल दिवा लागतोय आणि विझतोय. गाडी नीट चालतेय, आवाज नाही. गावातल्या मिस्त्रीनं सर्व्हिसिंगपर्यंत चालवा म्हटलंय, सर्व्हिसिंगला ८०० किलोमीटर बाकी आहेत. (गृहिणी, माढा तालुका)

चालवू नका ताई. हे पत्र वाचेपर्यंत चालवली असेल तर आता थांबवा.

तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचं प्रेशर पडलंय असं सांगतो. गाडी सपाट जागी लावा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्याच ग्रेडचं तेल घाला, मग चालू करून दिवा लगेच विझतोय का बघा, आणि तेल गेलं कुठं ते शोधा, तुमच्याकडच्या रस्त्यांवर चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, दगड लागणं नवीन नाही, गाडीखाली वाकून बघा. तेल बरोबर असूनही दिवा लुकलुकत असेल, त्यात गरम झाल्यावर सिग्नलला उभी असतानाच, तर प्रेशर गेज लावून खरं प्रेशर मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, टो करून न्यायची. गेजवर प्रेशर चांगलं आलं तर तो दिवा लावणारा शे-दोनशेचा स्विच खराब, कमी आलं तर पंप, जाळी नाहीतर बेअरिंग. आवाज येईपर्यंत थांबलात तर इंजिन उघडावं लागतं.

ब्लूटूथचा स्कॅनर सातशे रुपयांना घेतला, त्यात पी०४२० आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असं ॲप म्हणतंय, नवीनची किंमत ऐकून झोप उडालीय. गाडीत काहीच त्रास नाही. ॲपवर विश्वास ठेवू का? आणि हे कोड वाचायचे कसे ते एकदा सांगाच. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सात रस्ता)

मित्रा, आधी कोड. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-चाकं, बी म्हणजे बॉडी, एअरबॅग वगैरे, आणि यू म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांचं एकमेकांशी बोलणं बंद. त्याच्यापुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा, आणि तिथं फुकटची ॲप्स बिनधास्त दुसऱ्याच कंपनीचा अर्थ छापतात, तेव्हा पी१ नं सुरू होणारा कोड दिसला की गाडीच्या मॉडेलचा तक्ताच बघायचा. पी०३०० म्हणजे कुठलातरी सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यात पेट्रोल नीट जळत नाहीये, पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०३ म्हणजे तिसरा. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी जो १६ पिनांचा सॉकेट आहे तो अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, आपल्याकडं ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष असे कोडमध्ये सांगायचा, नियम एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असला तरी तुझा सातशेचा डबा त्यांच्याशी बोलेलच असं नाही.

आता पी०४२०. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर विषारी धूर साफ करणारा डबा. त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आधीचा, साधा जुन्या पद्धतीचा असेल तर, गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचत असतो, नंतरचा मात्र ०.६-०.७ च्या आसपास शांत बसायला पाहिजे कारण मधे कन्व्हर्टरनं सगळं पचवलेलं असतं. तुझ्या ॲपमध्ये दोन्हीचा ग्राफ एकावर एक लाव. गाडी पंधरा मिनिटं चालवून गरम कर आणि २,५०० आरपीएमवर धर. मागचा सेन्सर पण पुढच्यासारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टर दमलाय हे खरं. पण त्याआधी सायलेन्सरच्या जॉइंटला काळी काजळी दिसतेय का, सकाळी गार गाडी चालू केल्यावर टक-टक-टक असा आवाज येतोय का ते बघ, तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी मागचा सेन्सर फसतो आणि हाच कोड येतो. दोनशे रुपयांचं पॅकिंग असतं ते. आणि कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारलेलं असतं, म्हणजे आधी बरेच दिवस गाडी मिसिंग मारत होती किंवा तेल जाळत होती. ते कारण तसंच ठेवून नवीन टाकला तर वर्षभरात तो पण जाईल. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं म्हणून किंमत तशी, आणि म्हणूनच "जुना ठेवून जा की" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला नाही म्हणायचं, जुना घरी आणायचा.

आणि एक, चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर त्याच क्षणी एक्सलेटरवरचा पाय काढायचा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय असा त्याचा अर्थ. तू ज्या किमतीनं झोप उडाली म्हणतोस ती तिथं दहा-पंधरा मिनिटांत खर्च होऊ शकते.

सकाळी चावी फिरवली की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, चेक इंजिन, सगळे दिवे एकदम. गाडी चालू झाली की कधी विझतात कधी नाही. शोरूमला दाखवलं, त्यांनी एबीएसचं युनिट आणि स्टिअरिंगची मोटर दोन्हीचं एस्टिमेट दिलंय. (निवृत्त बँक कर्मचारी, नवी पेठ)

काका, गड्ड्याच्या जत्रेसारखा डॅशबोर्ड उजळला की पहिल्यांदा बॅटरीकडं जायचं, एस्टिमेटकडं नाही. चार वेगवेगळ्या सिस्टिम एकाच सकाळी बिघडत नाहीत, त्या चौघींना मिळणारा करंट कमी पडतोय. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली गेला की एकेक कंप्युटर गांगरतो आणि आपापला दिवा लावून ठेवतो.

मल्टिमीटर तीनशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ च्या आसपास यायला पाहिजे, १२.२ असेल तर बॅटरी अर्धी रिकामी. मग नातवाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही काटा बघा, त्या क्षणी ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी बदलायला आलीये. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५, त्याच्या खाली असेल तर डायनामो किंवा त्याचा पट्टा. (हल्लीच्या काही गाड्या पेट्रोल वाचवायला मधूनच चार्जिंग कमी करतात, तेव्हा दिवे-एसी लावून परत मोजा.) आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी ती गरम पाण्यानं धुवून टर्मिनल घट्ट करून मग मोजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोनेटखाली बॅटरी शिजते, तीन-चार वर्षं झाली की पहिल्या थंडीत तिचं पितळ उघडं पडतं. ते एस्टिमेट फाडू नका, बॅटरी बदलल्यावर त्यांना दाखवायला ठेवा.

माझी डिझेल गाडी २०२१ ची. घर ते हॉस्पिटल तीन किलोमीटर, दिवसातनं चार वेळा. डब्यात ठिपके असलेला पिवळा दिवा लागलाय. (डॉक्टर, रेल्वे लाइन्स)

डॉक्टर, तो डीपीएफ, धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर. एप्रिल २०२० च्या बीएस-६ या धुराच्या नियमापासून डिझेल गाड्यांना तो आला. भरला की गाडी त्यात ६०० डिग्रीच्या आसपास उष्णता करून काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन गरम आणि गाडी चालती पाहिजे, तीन किलोमीटरात तिला ते जमत नाही, सुरुवात करते आणि तुम्ही हॉस्पिटलच्या गेटवर बंद करता. तुमच्या भाषेत सांगायचं तर पेशंट कोर्स पूर्ण करत नाहीये.

दिवा पिवळा आणि एकटाच असेल तर एखाद्या रविवारी पुणे हायवेला लागा, मोहोळपर्यंत जाऊन या, खालच्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या वर ठेवून, सलग वीस-पंचवीस मिनिटं न थांबता. दिवा विझेल. त्याच्यासोबत चेक इंजिनचा दिवा पण लागला आणि गाडीनं पिकअप सोडला तर मात्र मोहोळ नाही, वर्कशॉप, तिथं स्कॅनरनं उभ्या गाडीवर जाळून देतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्धवट सोडलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल खाली चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळं डिपस्टिकवर तेल कमी नाही तर जास्त दिसायला लागतं, वरच्या खुणेच्या पुढं गेलं असेल तर तेल बदलायलाच लागेल, आणि ते लो ॲशचंच, म्हणजे जळल्यावर राख कमी सोडणारं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं. दुसरं, जाळणं चालू असताना गाडी कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. हे गमतीत सांगत नाहीये.

खरं सांगू का, तीन किलोमीटरच्या चार फेऱ्यांना डिझेल गाडी घेतली तिथंच चूक झाली, पण विकणाऱ्यानं ते सांगितलं नसणार.

निळा थर्मामीटर दिसतो सकाळी, भीती वाटते. (कॉलेज विद्यार्थिनी, अशोक चौक)

इंजिन अजून गार आहे एवढंच. दोन-चार मिनिटांत जातो, तोपर्यंत जोरात रेस करू नका. तोच थर्मामीटर लाल झाला तर बाजूला घेऊन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका, आत कुकरसारखं प्रेशर असतं. तुळजापूरच्या घाटात तोंड भाजून घेतलेली माणसं मी बघितलीयेत.

सेकंडहँड गाडी बघतोय. एजंट म्हणतो एकही दिवा लागत नाही, बघून घ्या. खरंच एकही लागत नाही. घेऊ का? (यंत्रमाग कामगार, एमआयडीसी)

दादा, "एकही लागत नाही" हेच मला खटकलंय. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, चेक इंजिन, तेल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस हे सगळे दिवे लागायलाच पाहिजेत, ती गाडीची स्वतःची हजेरी असते, मग चालू झाल्यावर विझायचे. चावी ऑन केल्यावरसुद्धा एअरबॅगचा दिवा लागला नाही तर कुणीतरी तो आतून काढलाय किंवा मागं काळी टेप लावलीये, म्हणजे गाडी एकदा ठोकलेली आणि एअरबॅग परत न बसवलेली असू शकते. तेव्हा आधी हजेरी मोजा.

दिवे हजर असतील तर पुढची पायरी. कोड पुसायला एक मिनिट लागतं, त्यामुळं "कोड नाही" याला किंमत नाही. पण कोड पुसले की गाडीच्या आतल्या स्वतःच्या तपासण्या पण शून्यावर येतात, ॲपमध्ये रेडिनेस म्हणून पान असतं तिथं त्या "अपूर्ण" दिसतात, आणि बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली तो आकडा पण मिळतो. ६०,००० चाललेली गाडी आणि कोड पुसून ४ किलोमीटर, म्हणजे एजंटानं तुम्ही यायच्या आधी चहा पितापिता पुसलंय. त्याला काही बोलू नका, म्हणा दोन दिवस चालवायला द्या, १०० किलोमीटर फिरवून परत स्कॅन करू मग टोकन देतो. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की चेक इंजिनचा दिवा घालवायला बॅटरीचं टर्मिनल अर्धा तास काढून ठेवा, काही होत नाही. मी केलं. दिवा गेला, दोन दिवसांनी परत आला, पण आता रेडिओ कोड मागतोय, ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नाही आणि सिग्नलला गाडी थरथरते. हे "काही होत नाही" का? (वाचक, अक्कलकोट)

नाही, हे माझं चुकलं. ते जुन्या गाड्यांच्या सवयीनं लिहून गेलो, आणि वर दिवा परत आलाय म्हणजे मूळ दोष तसाच आहे, शिवाय दोष आला त्या क्षणी इंजिनचं तापमान, स्पीड, लोड काय होतं ती नोंद गाडीनं जपून ठेवलेली असते, ती पण माझ्या सल्ल्यानं पुसली गेली. वायरमनला आता पहिल्यापासून शोधावं लागणार.

काचेचं सोपं आहे, पूर्ण खाली घ्या, मग बटण वर ओढून काच पूर्ण चढल्यावरही दोन-तीन सेकंद तसंच धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत तेवढ्यानं शिकते. थरथर एक-दोन दिवसांत जाईल, दहा मिनिटं एसी बंद आणि दहा मिनिटं एसी चालू करून नुसती उभी ठेवा, तरी गेली नाही तर थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर, कार्बन साचलाय, साफ करून घ्या. रेडिओचा कोड गाडीच्या पुस्तकाच्या पाकिटात एका छोट्या कार्डावर असतो, डॅशबोर्डचा खण पूर्ण रिकामा करून बघा, इन्शुरन्सच्या जुन्या कागदांत अडकलेलं असतं. नाहीच सापडलं तर अंदाजानं आकडे घालत बसू नका, काही चुकांनंतर तो तासभर लॉक होतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवली की ते काढून देतात. पैसे मागितले तर पावती मला पाठवा.